शांबाची गिरण आणि माझा उजवा कान

आधी वस्तुस्थिती सांगतो, मत नंतर. माझ्या उजव्या कानात सात महिने एक आवाज होता. धप्, धप्, धप्. दगडावर ओले कपडे आपटावेत तसा, पण भिंतीपलीकडून यावा तसा दबका. तो आवाज शेजारच्या शांबा परबाच्या खोबरेल काढायच्या गिरणीचा आहे, असे मी पंचायतीला लेखी कळवले. एकदा नव्हे, तीनदा कळवले. त्यामुळे पंचायतीच्या आदेशाने ती गिरण अकरा आठवडे बंद राहिली. आवाज गिरणीचा नव्हता. तो माझ्याच डोक्यातल्या रक्ताचा होता.

तक्रार करताना मी जितका विस्तार केला, तितकाच विस्तार चूक मान्य करतानाही करावा, हे न्यायाला धरून आहे. शिवाय असा आवाज ऐकणारी आणखी माणसे असतील. त्यांनी माझ्यासारखे सात महिने वाया घालवू नयेत, यासाठी हे लिहीत आहे.

माझे वय एकाहत्तर. डिचोलीच्या न्यायालयात चौतीस वर्षे नोकरी करून मुख्य लेखनिक म्हणून निवृत्त झालो आणि पेडणे तालुक्यातल्या पार्से या माझ्या मूळ गावी परतलो. पोर्तुगीज अमदानीत न्यायालयाच्या लेखनिकाला ‘इस्क्रिवांव’ म्हणत. मी त्या अमदानीतला नव्हे, तरी गाव मला त्याच नावाने ओळखतो, आणि त्यात आदर किती व टवाळी किती हे मी कधी मोजलेले नाही. पथदीप, गटार, बसचा थांबा, डोंगराची बेकायदेशीर कापणी, या सगळ्यांवर मी अर्ज केले आहेत. तोंडी बोललेले वाऱ्यावर जाते. लिहिलेल्याची पोच मिळते. याच विश्वासावर माझे आयुष्य गेले.

दुपारची वेळ

काजूचा मोसम नुकताच सुरू झाला होता. आमच्याकडे दुपारी दोन ते चार या वेळात दुकानेही झोपतात, माणसांचे तर विचारूच नये. जेवून मी अंथरुणावर आडवा झालो आणि तो आवाज प्रथम ऐकला. पत्नी सुमन स्वयंपाकघरात भांडी पुसत होती.

“या वेळी गिरण चालवण्याची परवानगी त्याला कोणी दिली?” मी विचारले.

“खंयची गिरण?” ती म्हणाली. “शांबा आता जेवक बसलो आसतलो.”

“मला स्पष्ट ऐकू येते आहे.”

“माका येना नाय.” भांडे फळीवर ठेवून तिने कान दिला. “तुमका सगळा ऐकूक येता. फक्त मी हाक मारलंय काय ऐकूक येना नाय.”

सुमनशी मी घरातही प्रमाण भाषेत बोलतो. ती म्हणते, प्रमाण भाषेत भांडतो. असो.

शांबाचे घर आमच्या कुंपणापलीकडे आहे. त्याचा बाप सावंतवाडीकडून येऊन इथे स्थिरावला आणि त्यानेच ती गिरण बसवली. शांबा आणि त्याची बायको दोघेच ती चालवतात. पंचक्रोशीतले लोक सुके खोबरे घेऊन येतात आणि तेल घेऊन जातात. आमच्या घरातही त्याच गिरणीचे तेल. हे मी सांगतो आहे ते एवढ्यासाठी, की आमचे वैर नव्हते. मी ते तयार केले.

नोंदी

पुराव्याशिवाय अर्ज करू नये. म्हणून मी एक वही सुरू केली. तारीख, वेळ, आवाजाचा जोर आणि मिनिटाला किती ठोके. घड्याळ समोर ठेवून मी ठोके मोजत असे. आडवा असताना चौऱ्याहत्तर. काजूच्या भाटातून, म्हणजे बागेतून, चढण चढून आलो त्या दिवशी अठ्ठ्याण्णव. पहाटे अडुसष्ट. उजव्या कानामागे बोट दाबून धरले की आवाज जवळजवळ थांबे. बोट काढले की पुन्हा सुरू. हेही लिहिले.

एकदा मी उशी पायथ्याकडे घेऊन उलटा झोपलो. आता गिरण डाव्या बाजूला आली, तरी आवाज उजव्या कानातच. मी लिहिले: “समोरच्या भिंतीवरून ध्वनी परावर्तित होतो.” आणि अठ्ठ्याण्णवच्या नोंदीपुढे लिहिले: “तक्रारदार बाहेरून घरी येताच यंत्राची गती वाढवली जाते, यावरून हेतू स्पष्ट होतो.”

आज ती वही वाचताना मला लाज वाटते. पण एक फरक करतो. नोंदी खऱ्या होत्या. निष्कर्ष खोटा होता.

पहिल्या अर्जावर पंचायतीने पाहणी ठेवली. दुपारी अडीच वाजता सरपंच, सचिवबाई आणि दोन पंच चपला काढून आमच्या झोपायच्या खोलीत उभे राहिले. शांबाही आला होता. दाराच्या चौकटीला टेकून, हाताची घडी घालून तो उभा होता. सगळे गप्प.

“आता ऐका,” मी म्हणालो.

बराच वेळ कोणी हलले नाही. मग एक पंच हळूच म्हणाला, “माका एक कावळो ऐकूक येता. तेच्यार तक्रार आसा?”

“भाऊ,” शांबा म्हणाला, “मोटराचो फ्यूज माझ्या खिशात आसा.” आणि त्याने तो काढून तळहातावर दाखवला.

मी त्याच्या तळहाताकडे पाहिले नाही. गिरणीचे कागद तपासावेत अशी मागणी केली. कागद अपुरे निघाले. बापाच्या नावावरचा परवाना, नूतनीकरण नाही, ना हरकत दाखला नाही. आवाज सिद्ध झाला नाही; पण आदेश निघाला: तक्रार निकाली निघेपर्यंत काम बंद. मी तो आदेश दोनदा वाचला. मला आनंद झाला होता, हे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी शांततेत झोपायला म्हणून आडवा झालो.

धप्, धप्, धप्.

दुसरा अर्ज

त्या क्षणी एखाद्या सुज्ञ माणसाने काय केले असते, हे सांगण्याची गरज नाही. मी दुसरा अर्ज केला. आदेशाचा भंग करून गिरण चोरून चालवली जात आहे, असे त्यात लिहिले.

सुमन मला न सांगता शांबाच्या घरी जाऊन आली. परत येऊन माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

“गिरणीच्या पट्ट्यार कोळ्यान जाळा केल्यान हा,” ती म्हणाली. “मी माझ्या डोळ्यांनी बघून इलंय.”

“कोळ्याला जाळे करायला एक रात्र पुरते.”

त्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त जेवायला वाढण्यापुरते बोलू लागली. दुसरीकडचे तेल विकत आणावे लागले, त्याला वास येई, आणि प्रत्येक जेवणाला ती तेवढे एकच वाक्य म्हणे: “तेलाक वास येता.” देवळात जाऊन तिने ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणेही घातले. मला कळले तेव्हा मी म्हणालो, “त्या अर्जाची पोच मिळाली का?”

“माझ्या अर्जाक पोच मेळना नाय,” ती म्हणाली, “पण तेच्यान कोणाची चूल बंद पडना नाय.”

पंचायतीने दुसऱ्या अर्जावर उत्तर दिले: तक्रारदाराच्या श्रवणशक्तीबाबत वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे. मी संतापलो. पण मागणी कायदेशीर होती. म्हणून मी शहरातल्या एका कानाच्या डॉक्टरकडे गेलो. ध्यानात घ्या, उपचारासाठी नव्हे. माझा कान निरोगी आहे असा दाखला मिळवण्यासाठी. त्याने काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली, कागदावर रेषा काढल्या आणि दाखला दिला. जाता जाता मी आवाजाचे बोललो. त्याने मान वर न करता सांगितले, “या वयात असतं. दुर्लक्ष करायला शिका.”

मी त्याला पत्र लिहिले. दुर्लक्ष हा उपचार कोणत्या ग्रंथात आहे, असे विचारले. उत्तर आले नाही. माझा राग योग्य होता, फक्त कारण चुकीचे होते. त्याने ठेका नाडीबरोबर जातो का, एवढा एक प्रश्न विचारायला हवा होता. तो मीही स्वतःला विचारला नव्हता. दाखला मी तिसऱ्या अर्जाला जोडला आणि त्या अर्जाची प्रत तालुक्याच्या कचेरीलाही पाठवली.

मनगट

आमचा मुलगा विनय मुरगावला बंदरातल्या एका कचेरीत काम करतो. तो रविवारी आला. आई गप्प का, याची त्याने चौकशी केली असावी, कारण जेवल्यावर तो थेट म्हणाला, “बाबा, ती फाईल दाखवा.”

मला वाटले, निदान मुलगा तरी बाजू समजून घेतो आहे. मी वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने पाने उलटली. अठ्ठ्याण्णवच्या पानावर थांबला. मग मागे गेला, पुन्हा पुढे आला.

“आता आवाज येतोय?”

“येतो आहे.”

“हात द्या.” त्याने माझे मनगट धरले. “आता तोंडाने म्हणा. येईल तसा.”

“हा काय पोरकटपणा आहे?”

“म्हणा ना, बाबा.”

मी म्हणू लागलो. धप्. धप्. धप्. विनय दुसऱ्या हाताच्या बोटाने टेबलावर ठोके देऊ लागला. माझा शब्द आणि त्याचे बोट एकाच वेळी पडत होते. सुमन दारात येऊन उभी राहिली.

“योगायोग,” मी म्हणालो.

“विहिरीभोवती पाच फेऱ्या मारून या. भरभर.”

मी मारल्या. शांबाची बायको पलीकडे कपडे वाळत घालत होती. तिने पाहिले आणि पाठ फिरवली. परत येऊन बसलो, मनगट पुढे केले. आवाज घाईला आला होता आणि विनयचे बोटही.

“गिरण हयसर आसा,” विनय माझे मनगट हलकेच दाबून आईच्या बोलीत म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. “उद्या मोठ्या इस्पितळात जाऊया.”

मला आधी वाटली ती भीती नव्हती. चौतीस वर्षे दुसऱ्यांचे पुरावे क्रमांक घालून लावणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्धचा पुरावा सात महिने जमवला होता, आणि तो वाचला मात्र नव्हता. भीती नंतर आली, हात धुताना. नळाचे पाणी पडत होते आणि त्याच्या आत तो आवाज होता, आणि आता तो माझा होता.

साक्षीदार

सरकारी इस्पितळात चार तास बाकावर काढले. सूचनाफलकावरच्या दोन चुका मी टिपून ठेवल्या. सुमनने वही काढून घेतली. आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिने माझे बोलणे मध्ये न तोडता ऐकले, वही मागितली आणि तीन पाने वाचली.

“काका, एवढी नीट हिस्टरी मला रुग्णांकडून मिळत नाही,” ती म्हणाली. “फक्त ते ‘हेतू स्पष्ट होतो’ म्हणजे काय ते कळलं नाही.”

“ते वगळा,” मी म्हणालो.

तिने पंखा बंद करायला सांगितला. स्टेथोस्कोपची चकती माझ्या उजव्या कानामागे, हाडावर टेकवली आणि डोळे मिटले. मग ती म्हणाली, “आवाज आहे. मला ऐकू येतोय.”

“पुन्हा सांगा.”

“मला ऐकू येतोय, काका.”

सात महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी तो आवाज ऐकला होता. पत्नीने, पंचायतीने, दाखला देणाऱ्याने ऐकला नव्हता. आजार गंभीर आहे की नाही हे मला तेव्हा माहीत नव्हते, तरी माझ्या छातीवरचा दगड त्या वाक्याने उतरला. ज्याला असा आवाज येतो त्यालाच हे कळेल. आपण वेडे नाही, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते.

“केसपेपरवर तसे लिहा,” मी म्हणालो.

तिने लिहिले. मी वाचले. सुमनलाही तिने नळ्या कानात घालायला दिल्या. सुमनने ऐकले, नळ्या काढून परत दिल्या आणि स्टुलावर बसली. “अहो,” एवढेच म्हणाली. बऱ्याच आठवड्यांनी तिने मला तशी हाक मारली.

पुढच्या तपासण्यांचा तपशील देत नाही. मला समजले ते असे: मेंदूच्या आवरणात एक धमनी आणि एक नीला यांची थेट जोडणी झाली होती, जी नसायला हवी. मुख्य जलवाहिनीवरून कोणी चोरून नळ घ्यावा, तसे. दाबाचे रक्त जिथे जाऊ नये तिथे धावत होते आणि कानाशेजारून जाताना गिरणीसारखे वाजत होते. अशा सगळ्याच जोडण्या धोक्याच्या नसतात. माझी होती, कारण रक्त उलटे मेंदूकडे ढकलले जात होते. फुटली तर काय, हे मोठ्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले. जांघेतून बारीक नळी वर नेऊन ती जोडणी आतून बंद करायची. मंगळवारी भरती. तोवर विश्रांती.

“आणि रागवायचं नाही,” तरुण डॉक्टरीण म्हणाली. “रक्तदाब वाढता कामा नये.”

सुमन हसली. तिला थांबवता येईना.

ठराव

घरी येताच मी तक्रार मागे घेण्याचा अर्ज लिहिला आणि विनयच्या हाती पंचायतीत पाठवला. तासाभरात सचिवबाईंचा फोन आला.

“भाऊ, अर्ज मिळाला. पण ह्यावर मी गिरण सुरू करू शकत नाही.”

“का? तक्रारदाराची सही आहे.”

“ठराव आहे ना. तक्रार मागे घ्यायची तर तक्रारदाराने स्वतः ग्रामसभेत उभं राहून कारण सांगायचं. पत्र चालत नाही.”

“हा मूर्ख ठराव कोणी मांडला?”

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. “तुम्ही, भाऊ.”

खरे होते. डोंगरकापणीच्या प्रकरणात एका गरीब तक्रारदाराला दमदाटी करून त्याच्याकडून माघारीचे पत्र लिहून घेतले होते. पुन्हा तसे होऊ नये म्हणून मीच तो ठराव भांडून मंजूर करून घेतला होता. ठराव आजही योग्य आहे. त्या वेळी मात्र मला हसावे की ओरडावे कळेना, आणि ओरडायला मनाई होती.

ग्रामसभा रविवारी होती, भरती मंगळवारी. विनय म्हणाला, “बरे होऊन या, मग जा. महिन्याने पुन्हा सभा आहे.”

“आणि मी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गेलो तर?”

“बाबा.”

“तक्रारदार मृत. तक्रार प्रलंबित. अशा फायली मी पाहिल्या आहेत. त्या वीस वीस वर्षे कपाटात राहतात. शांबाच्या मुलीच्या लग्नापर्यंत ती गिरण बंद राहील.”

“तिथे भांडण झालं तर? डॉक्टर काय म्हणाल्या?”

“भांडणाला दुसरी बाजू लागते. या वेळी माझ्याकडे बाजूच नाही.”

विनय चिडून मागील दारी गेला. सुमनने वाद घातला नाही. माझा पांढरा सदरा तिने इस्त्रीला काढला.

सभागृहात साठ-सत्तर माणसे होती. शांबा शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसला होता. मी उठलो, चष्मा लावला आणि वाचले: आवाज गिरणीचा नव्हता, माझ्या शरीरातला होता, तीनही अर्जांतील विधाने चुकीची ठरली आहेत, विशेषतः चोरून गिरण चालवल्याचा आरोप निराधार होता, तक्रार बिनशर्त मागे घेतो.

“म्हणजे आमी त्या दिसा उबे ऱ्हवान तुमच्या कपाळातली गिरण ऐकी होतो?” कावळेवाला पंच म्हणाला.

“ऐकू येत नव्हती, हे इतिवृत्तात आहे,” मी म्हणालो.

“मगे त्या गिरणीक ना हरकत दाखलो आसा, इस्क्रिवांव?” मागून कोणीतरी विचारले आणि सभागृह हसले. मला वाटले होते, राग येईल. आला नाही. मी मनगटावर बोट ठेवून पाहिले. ठोके बेताचेच होते.

सरपंचांनी शांबाला विचारले, काही म्हणायचे आहे का. तो सावकाश उठला.

“माका काय सांगाचा नाय,” तो म्हणाला. मग सांगितले. “अकरा आठवडे गेले. गिऱ्हाइका पेडण्याक गेली, ती परत येतली काय नाय, देवाक ठावक. ता जाव दी. पण भाऊंनी माका एकदा तरी विचारूक होया होता. आमचा कुंपण काय लांब नाय. ‘शांबा, ह्यो आवाज तुझो काय रे?’ इतक्याच. मी गिरण बंद करून, चालू करून दाखयलंय असतंय. तेंनी पंचायतीक विचारल्यानी, तालुक्याक विचारल्यानी. माका विचारूक नाय.”

त्याचे बोलणे माझ्या कोणत्याही अर्जापेक्षा नेमके होते. मी सात महिन्यांत अकरा पाने लिहिली आणि पंधरा पावले चाललो नव्हतो.

“हे खरे आहे,” मी म्हणालो. “शांबाचे म्हणणे शब्दशः इतिवृत्तात नोंदवावे.”

सचिवबाईंनी नोंदवले. आदेश मागे घेतला गेला. परवान्याचे कागद पूर्ण करायला मुदत मिळाली. शांबा माझ्याकडे न बघता बाहेर पडला.

इस्पितळ

वॉर्डात पहाटे पाचला थर्मामीटर, सहाला चहा आणि पाव, नऊला डॉक्टरांची फेरी, मग दिवसभर वाट पाहणे. भीती म्हणजे तिथे हे वाट पाहणेच असते. शेजारच्या खाटेवर कोल्हापूरकडचा एक गवंडी होता, तो मला रोज विचारी, “काका, आज वाजतंय का?” मी म्हणे, “वाजते आहे.” तो म्हणे, “मग चालू आहे म्हणायची गाडी.” एवढ्याने बरे वाटे.

संमतीपत्र मी पूर्ण वाचले. पक्षाघात, दृष्टी जाणे, मृत्यू. शब्द स्पष्ट होते, त्याबद्दल तक्रार नाही. ‘उजवी/डावी’ यांपैकी एक शब्द खोडायचा राहिला होता. मी दाखवला. डॉक्टरिणीने ‘डावी’ खोडले, सही केली आणि म्हणाली, “बरं केलंत.” माझ्या स्वभावाबद्दल हे दोन शब्द त्या वर्षात प्रथमच ऐकले.

मी सही केली. सुमन म्हणाली, “मी हयसरच आसंय.” मी म्हणालो, “तेलाला वास येतो, हे माहीत आहे मला.” तिने माझ्या खांद्यावर चापट मारली.

जाग आली तेव्हा घसा कोरडा होता आणि काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. काय ते लवकर कळेना. मग ट्रॉलीच्या चाकाचा आवाज ऐकू आला. कोणीतरी चमचा ठेवला. परिचारिका दूरवर कोणाला तरी रागावत होती. हे सगळे आवाज सुटे होते, त्यांच्यामागे काही नव्हते. मी श्वास रोखून ऐकले. काही नव्हते.

मी रडलो. नोंद करणे भाग आहे म्हणून करतो.

ज्यांना असा आवाज येतो त्यांच्यासाठी

कानात वाजणे अनेक प्रकारचे असते आणि बहुतेक वेळा जिवाला धोका नसतो. माझ्यावरून कोणी घाबरू नये. पण आवाज ठोक्याठोक्याने येत असेल, तर मनगटावर बोट ठेवा. दोन्ही ठेके एक असतील, तर डॉक्टरला तेच पहिले वाक्य म्हणून सांगा. “दुर्लक्ष करा” म्हणाला, तर दुसऱ्याकडे जा. कानामागे स्टेथोस्कोप लावून ऐकायला सांगा. मागण्यात लाज नाही. नोंदी ठेवा, पण निष्कर्ष लिहू नका. आणि घरच्या माणसाला सोबत न्या, कारण तुमच्या बरोबरीने तेही तो आवाज सोसत असते, न ऐकता.

अर्ज

घरी आल्याला पाच दिवस झाले होते. मी व्हरांड्यात बसलो होतो. फाटकाची कडी वाजली आणि शांबा आत आला. हातात कागद होता. तो पायरीवर उभा राहिला.

“कसा आसा?”

“थांबला आवाज,” मी म्हणालो. “बस.”

तो बसला नाही. “गिरण अजून सुरू जावक नाय.”

“का? आदेश मागे घेतला आहे.”

“वीज खात्यान मीटर काढून न्हेल्यानी. बंद आसा तर कशाक म्हणान. आता परत दी म्हटला, तर म्हणतत, नवो अर्ज कर, सा महिने लागतले.” त्याने खात्याने दिलेला कागद पुढे केला. “चार फेरे मारलंय. माका असा बोलतत जसो काय मी चोर.”

मी कागद वाचला. मीटर काढण्याआधी नोटीस दिल्याचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता. माझ्या कानशिलाशी काहीतरी तापले, पण ते जुने, ओळखीचे, निरोगी तापणे होते.

“नोटीस आली होती तुला?”

“नाय.”

“लेखी? दारावर चिकटवलेली? फोन?”

“कायच नाय, भाऊ.”

“बस आधी,” मी म्हणालो, आणि या वेळी तो बसला. सुमन बाहेर डोकावली, त्याला पाहून आत गेली आणि चहाचे आधण ठेवल्याचे कळले. मी कोरा कागद घेतला. मग पेन खाली ठेवून विचारले, “शांबा, मला सांग. नेमके काय झाले? पहिल्यापासून.”

त्याने सांगितले. मध्ये न बोलता मी ऐकले. कोण आले, किती वाजता, बायकोला काय म्हणाले, मीटरवर किती युनिट होते. मग लिहिले आणि वाचून दाखवले: अर्जदार नम्रपणे निदर्शनास आणून देतो की…

“नम्र नको,” शांबा म्हणाला.

“अर्जाची पद्धत असते.”

“माझ्या गिरणीर लिवलास, तेव्हा खंय नम्र होतास? तसा लिवा. तुमका बरा येता ता.”

मी तो कागद फाडला आणि तसे लिहिले. पूर्वसूचना न देता जोडणी तोडणे हा अधिकाराचा उघड गैरवापर आहे, येथपासून सात दिवसांत कारवाई न झाल्यास वरिष्ठांकडे जाण्याचा हक्क राखून ठेवतो, येथपर्यंत. वाचताना शांबा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. ‘उघड गैरवापर’ त्याने दोनदा वाचायला लावले. मग सही केली, सावकाश, बापाने शिकवली असेल तशी मोठ्या अक्षरात, आणि बशीत ओतलेला चहा प्यायला.

“कोणाकोणाक प्रत?” त्याने विचारले.

“सगळ्यांना,” मी म्हणालो.

सहाव्या दिवशी वीज खात्याची माणसे मीटर घेऊन आली. गिरण त्याच दुपारी तीन वाजता सुरू झाली, असे सुमनने मला झोपेतून उठल्यावर सांगितले.